सुताराची भिंत

घर विकायला काढलं की घरातल्या माणसाने घराबाहेर बसायचं असतं, हे काकूंना माहीत नव्हतं. एजंटने सांगितलं तेव्हा आधी त्यांना ती थट्टाच वाटली.

"मालक समोर असला की लोक मोकळे होत नाहीत," एजंट म्हणाला. "कपाट उघडायला लाजतात, नळ सोडून बघायला लाजतात. तुम्ही आपलं समोरच्या बाकावर जाऊन बसायचं. मस्त ऊन खायचं."

"आणि माझ्या घरात कोण बसणार?"

"मी आहे ना!"

तो होताच. बूट चकचकीत, केस चकचकीत, दात चकचकीत, आणि बोलणं तर विचारूच नका. काकूंनी मनातल्या मनात त्याचं नाव पॉलिश ठेवलं होतं. पॉलिशने काकूंच्या घराची जाहिरात दिली ती अशी: ऐतिहासिक वस्तीत, उच्चभ्रू शेजार, एक बेडरूम, अत्यंत शांत. काकूंनी ती वाचली आणि त्यांना वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी घर असावं.

वस्ती जुनी होती हे खरं. उच्चभ्रू मात्र ती काकूंच्या डोळ्यांदेखत झाली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या दगडी गल्लीत धोबी होते, चांभार होते, नाटकातली माणसं होती आणि जिन्यात कायम कुणाचं तरी भांडण होतं. मग कुणीतरी शोध लावला की इथल्या गॅलऱ्यांचं कोरीवकाम फार जुनं आहे. इमारतींवर पाट्या लागल्या. चांभाराच्या जागी सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान आलं. नाटकाचं थिएटर होतं तिथे आता बूट मिळतात, आणि तेही असे काचेत ठेवलेले की घालायचे की पुजायचे ते कळत नाही. दाराबाहेर कपडे वाळत घातले तर लोक थांबून फोटो काढतात. काकूंनी तेव्हापासून कपडे आत वाळवायला सुरुवात केली.

काकूंचा नवरा त्या थिएटरात सुतार होता. नाटकातले महाल, तुरुंग, बागेतली घरं तो बनवायचा. नाटकातली भिंत म्हणजे काय, तर लाकडाची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं कापड. वर खडू आणि सरसाचा लेप, त्यावर रंग. समोरून बघावं तर दगडी तट, मागून बघावं तर बांबू आणि खिळे. घरातलं सामानही त्याने त्याच हाताने केलं. पुढून नक्षीदार कपाट, मागून उघडी फळी. भिंतीला लावल्यावर मागचं बघतो कोण, असं त्याचं म्हणणं.

आणि घर मुळात एकच खोली होतं. मोठी, उंच छताची, पण एकच. मुलगी मोठी होऊ लागली, दार लावून रडायला तिला जागा हवी झाली, तेव्हा गवंड्याला बोलावणं काही परवडणारं नव्हतं. सुताराने एका सुट्टीच्या दिवशी थिएटरातून चौकटी आणल्या, कापड ताणलं, लेप दिला, दार बसवलं आणि संध्याकाळपर्यंत घरात भिंत उभी राहिली. रंग असा दिला की जुन्या भिंतीची ओल सुद्धा नव्या भिंतीवर उतरवली. खरी वाटावी म्हणून. मुलगी आनंदाने नाचली होती. सुतार दारात उभा राहून म्हणाला होता, "आता आपल्याकडे बेडरूम आहे."

तीच ही बेडरूम. जाहिरातीतली.

पॉलिशला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. फोनवर बोलता बोलता तो भिंतीला टेकला आणि भिंत त्याच्यासकट जराशी मागे गेली. त्याने काकूंकडे बघितलं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने फोन खिशात टाकला, गॅलरीतली मोठी कुंडी उचलून आणली आणि भिंतीपाशी ठेवली.

"इथे झाड छान दिसतं," तो म्हणाला. "कुणी टेकतही नाही."

काकूंनी त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. मुलगी लांब राहायची. आई येणार म्हणून जावयाने घराला लागून एक खोली बांधायला घेतली होती. भिंती उभ्या होत्या, छप्पर घर विकल्यावर पडणार होतं. गुडघे गेलेल्या बाईला तीन जिने चढून राहणं आता जमत नव्हतं, आणि मुलीनेही त्या खोलीची आस धरली होती.

"अगं, ती भिंत," काकू म्हणाल्या. "सांगायला नको का?"

"आई, तुला कुणी विचारलंय?"

"नाही."

"मग गप्प बस ना फक्त. गप्प बसायला काय लागतं?"

काही लागत नाही, असं काकूंनाही तेव्हा वाटलं.

मग एके दिवशी बरीच माणसं घर बघायला येणार होती. काकू ठेवणीतले कपडे घालून समोरच्या बाकावर बसल्या. ऊन कसलं, बोचरा वारा होता. बसून बसून पाय आखडले, आणि वर आणखी एक अडचण आली, जी म्हातारपणी आली की थांबत नाही. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात त्यांनी विचारलं, तर तिथली पोरगी म्हणाली, "आधी काहीतरी घ्यावं लागेल, आजी." काकू म्हणाल्या, "बाई गं, मला द्यायचंय, घ्यायचं नाहीये," आणि परत फिरल्या. स्वतःचं घर समोर असताना दुसरीकडे का म्हणून जायचं? त्या हळूहळू जिने चढल्या.

दार सताड उघडं होतं. पॉलिश जिन्यात कुणालातरी फोनवर पटवत होता. त्याची पाठ होती. काकू आत शिरल्या तर एक तरुण जोडपं कपाट ओढून मागे बघत होतं.

"अगं, ये ना, बघ! मागे काहीच नाही!"

"शी! आणि हा कोरलेला मोर बघितलास? एका डोळ्याने बघतोय."

"कुठल्या बाबाने बनवलंय देव जाणे."

दोघं पोट धरून हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता, हेच जास्त लागलं. काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे माझं घर आहे, असं म्हणायला तोंड उघडलं तोच बाजूने आवाज आला.

"तुम्ही पण बघायला आलात का, काकू?"

पस्तिशीची बाई होती. सपाट चपला, घट्ट बांधलेले केस, डोळ्यांखाली काळं. अंगाला दवाखान्यातल्या साबणाचा वास. नर्सच असणार.

आता खरं तर सोपं होतं. नाही गं, मी इथेच राहते, एवढं म्हणायचं. पण ते जोडपं मोराला बघून अजून हसत होतं, आणि काकूंच्या तोंडून निघालं, "हो. बघायला."

आणि मग, देवा, त्यांना स्वतःच्या घरात विचारावं लागलं, "इथे बाथरूम कुठे आहे, माहिती आहे का?"

"त्या बाजूला आहे. कडी जरा उचलून लावावी लागते," नर्सबाईने सांगितलं. काकूंची कडी, काकूंनाच.

त्या बाहेर आल्या तेव्हा जोडपं गेलं होतं. नर्सबाई मधल्या दारात उभी राहून एकदा आत, एकदा बाहेर बघत होती.

"माझी कायम रात्रपाळी," ती म्हणाली. विचारलं नव्हतं, पण थकलेलं माणूस अनोळख्याशी बोलतं तशी बोलत होती. "दिवसा झोपते. म्हणजे झोपायचं म्हणते. बाबा असतात माझ्याजवळ. त्यांचे कान गेलेत, त्यामुळे ते दिवसभर बातम्या ऐकतात आणि सगळ्या गल्लीला ऐकवतात. एकच खोली आहे आमची भाड्याची. त्यांना काही म्हणवत नाही. ते तरी काय करतील दिवसभर?"

"खरंय."

"मला मोठं घर नको. दोन खोल्या, मध्ये एक भिंत, एक दार. बस." तिने फळीवरून हात फिरवला. "हे सगळं घरीच केलेलं दिसतंय. कुणी केलं असेल हो?"

काकूंनी फळीकडे बघितलं. त्या फळीसाठी सुताराने बोट कापून घेतलं होतं.

"असेल कुणीतरी हौशी माणूस," त्या म्हणाल्या. "हात चालतो म्हणून ठोकत सुटतात काही काही जण."

नर्सबाई हसली. काकूही हसल्या. हसताना त्यांना आपल्याच हसण्याचा आवाज परका वाटला.

"तुमचा काय अंदाज, काकू? तुम्ही चार घरं बघितली असतील. शांत वाटतं का इथे?"

या प्रश्नाला गप्प बसून चाललं असतं. खांदे उडवून चाललं असतं. पण आपण घर बघायला आलेल्या शहाण्या बाई आहोत, हे सोंग एकदा घेतलं होतं, आणि सोंगाला उत्तर द्यावं लागतं.

"शांत आहे," काकू म्हणाल्या. "चांगलं शांत आहे."

काकू जिना उतरत असताना पॉलिशने त्यांना बघितलं आणि त्याचे दात पहिल्यांदाच झाकले गेले. "काकू! तुम्ही बाकावर होतात ना?"

"होते," काकू म्हणाल्या. "तिथेच असायला हवं होतं."

त्यानंतर पॉलिशचा फोन आला. नर्सबाईला घर पसंत होतं. वडिलांना एकदा दाखवणार आणि बोलणं पक्कं करणार. मुलगी फोनवर आनंदाने ओरडली. जावई मागून म्हणाला, "आईंना सांग, खिडकी पूर्वेला ठेवतोय!" काकू बरं म्हणाल्या. पण कपाटाकडे बघितलं की मोराचा एक डोळा त्यांच्याकडे बघायचा, आणि काकू नजर चोरायच्या. आयुष्यभर ज्याच्या कमाईचं जेवलो, ज्याच्या हातच्या खुर्चीवर बसलो, तो हौशी माणूस. आणि हे कुणापुढे म्हटलं? ओळख ना पाळख अशा बाईपुढे. का? तर दोन पोरं हसली म्हणून.

नर्सबाई वडिलांना घेऊन येणार त्या सकाळी काकूंनी पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि दार उघडलं. बाकावर जायचं होतं. तर खालच्या जिन्यातून आवाज वर येत होता. वडिलांशी बोलायचं म्हणून नर्सबाई मोठ्याने बोलत होती.

"सावकाश, बाबा! एजंट गाडी लावून येतोय. आपण होऊ पुढे. दार उघडंच असेल म्हणालाय."

"किती मजले गं?"

"आलंच! बाबा, तुम्हाला बाहेरची खोली. खिडकीपाशी खुर्ची टाकू. मी आत. दार लावलं की तुम्ही तुमच्या बातम्या ऐका, मी माझी झोपते!"

"मग माझ्यावर चिडायची नाहीस ना?"

"मी चिडते का हो?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "रडतेस."

खाली जावं तर त्या दोघांना ओलांडून जायचं. घरात थांबावं तर मालकीण म्हणून तोंड दाखवायचं. त्या मागे वळल्या, बेडरूममध्ये शिरल्या आणि दार लावून घेतलं. आपल्याच घरात चोरासारख्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या.

ती दोघं आत आली. म्हाताऱ्याच्या धापा, काठीचं टोक, खुर्ची ओढल्याचा आवाज. भिंत मध्ये होती ती म्हणायलाच.

"छान आहे गं," म्हातारा म्हणाला.

"मला भीती होती, फसवणूक तर नाही ना. या वस्तीत एवढ्या पैशांत कुठे मिळतं! पण त्या दिवशी एक काकू भेटल्या. त्याही घर बघायला आल्या होत्या, त्यांनाही हवं असणार. तरी मला म्हणाल्या, शांत आहे म्हणून. नाहीतर कोण सांगतं हो दुसऱ्याला खरं? त्यांच्याकडे बघूनच मी ठरवलं."

काकूंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तिसऱ्या मजल्यावर जमीन नसते. खाली मेणबत्त्यांचं दुकान असतं.

दार उघडून बाहेर जायची त्यांची छाती झाली नाही. पण तोंड उघडायची झाली. त्यांनी आवाज चढवला नाही, रोजच्या बोलण्यातच बोलल्या.

"ती काकू मीच, बाई. आणि हे घर माझंच आहे."

पलीकडे काठी पडली.

"घाबरू नकोस. मी आत बसलेय. बघ, तुला माझा शब्द न् शब्द ऐकू येतोय. ही भिंत नाहीये. कापड आहे लाकडाच्या चौकटीवर. नाटकातली असते तशी. ती कुंडी बाजूला कर आणि बोट लाव, हलेल. तू इथे झोपलीस तर बाबांनी कूस बदलली तरी तुला कळेल. मला माहीत होतं. आणि तरी मी तुला शांत आहे म्हणाले."

आता थांबायचं नव्हतं.

"आणि तू विचारलंस ना, हे कुणी केलं? हौशी माणूस नव्हता तो. माझा नवरा होता. सुतार होता. पोटासाठी ठोकत होता."

"कोण बोलतंय गं?" म्हाताऱ्याने विचारलं. "रेडिओ लागलाय का?"

"नाही, बाबा. घराची मालकीण आहे. आत आहे."

"आत काय करतेय?"

"लपलीय."

मग कुजबुज सुरू झाली. पण भिंत दोन्हीकडून तीच होती, आणि बहिऱ्या माणसाशी कुजबुजून तरी किती कुजबुजणार? "खोटारडी म्हातारी," नर्सबाई म्हणाली. "मी खोलीची नोटीस देऊन बसले, बाबा! खुळी मी!"

"हळू बोल. तिला ऐकू जात असेल."

"जाऊ दे ना! जायलाच हवं!"

काकूंनी ते सगळं ऐकलं. कान झाकावेसे वाटले, पण झाकले नाहीत. मग उठल्या आणि दार उघडलं.

नर्सबाई पाळीवरून थेट आली होती. कपड्यांवर अजून दवाखान्याचा बिल्ला होता. तिने काकूंकडे बघितलं नाही. कुंडी सरकवली, भिंतीला तळवा लावून ढकलून बघितलं. भिंत जराशी गेली आणि परत आली, श्वास घेतल्यासारखी.

"मला भिंत नको होती हो," ती म्हणाली. "मला झोप हवी होती."

काकूंना माफ कर म्हणायचं होतं, पण ते फारच स्वस्त वाटलं.

तेवढ्यात पॉलिश हसत हसत वर आला. तिघांचे चेहरे बघून त्याला अर्धं कळलं, आणि उरलेलं अर्धं त्याने झाकायला घेतलं. "काय झालं? अहो, काकूंचं वय झालंय, त्या काहीबाही—"

"वय झालंय," काकू म्हणाल्या, "पण मी काहीबाही बोलले ते मागच्या वेळी. आज खरं बोलले. जाहिरात बदल. एक खोली, असं लिही."

"काकू, किंमत खाली येईल!"

"येऊ दे."

नर्सबाईने वडिलांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली. दारातून जाताना तिने मागे बघितलं नाही. म्हातारा मात्र सवयीने थांबला आणि म्हणाला, "येतो हं, वहिनी." त्या एका शब्दाने काकू जास्त ओशाळल्या.

मुलीला फोन करणं बाकी होतं. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"झालं का पक्कं?"

"नाही. मी सांगून टाकलं."

पलीकडे कुठेतरी खोऱ्याने सिमेंट ढवळल्याचा आवाज येत होता.

"रागाव," काकू म्हणाल्या. "रागावण्यासारखंच आहे. तुझ्या खोलीचं छप्पर माझ्यामुळे अडलं."

"रागावलेय मी," मुलगी म्हणाली. मग हळू आवाजात, "आई, त्या भिंतीतून काय काय ऐकू यायचं, मला ठाऊक नाही का? मी झोपायचे तिथे."

"सगळं यायचं?"

"सगळं. तू बाबांना म्हणायचीस, माझ्या माहेरी सुतार आहे म्हणू नका, नाटकात आहे एवढंच म्हणा. तेही यायचं."

काकू पलंगावर टेकल्या. सबंध आयुष्यात हे आपण दोघांतच बोललो, असं त्या समजून होत्या.

"मग तू कधी बोलली नाहीस गं?"

"काय बोलणार? बाबा रोज सकाळी दारावर टकटक करून विचारायचे, झोप लागली का नव्या खोलीत? मी म्हणायचे, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग ते खूश व्हायचे." मुलीने नाक ओढलं. "त्यांना वाटत होतं, मला खोली मिळाली. ते मी कसं मोडणार? आणि परवा मीच तुला म्हटलं गप्प बस. मला वाटलं, इतकी वर्षं जमलं, आता का नाही जमणार."

"ते वेगळं होतं," काकू म्हणाल्या.

"हो. आता कळतंय."

छपराऐवजी ताडपत्री घालून भागेल, असं जावई मागून म्हणत होता.

नर्सबाई परत आली नाही. काकूंनी पॉलिशकरवी दोनदा निरोप धाडला, कमी किमतीत घे, खरी भिंत बांधून घे. पॉलिशने निरोप दिला की नाही, देव जाणे. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. तिला कुठे खोली मिळाली, झोप मिळते की नाही, हेही काकूंना कधी समजलं नाही. गल्लीत सपाट चपलांचा आवाज आला की त्या गॅलरीत जात आणि दुसरीच कुणी दिसली की आत येत.

जाहिरात बदलल्यावर माणसं कमी येऊ लागली. जी आली त्यांना पॉलिश म्हणाला, "मालकीणबाई घरातच असतात, जरा समजून घ्या." एकदा एक टापटीप बाई आणि तिचा भाऊ आले. काकू बाकावर गेल्या नाहीत. त्यांनीच दार उघडलं. चेहरा लाल झाला होता, आणि हे दर वेळी असंच होणार हे त्यांना आता कळलं होतं.

"या," त्या म्हणाल्या. "मी इथेच राहते. आधी या भिंतीला बोट लावून बघा, म्हणजे मग बोलता येईल."

बाईने बोट लावलं आणि दचकून मागे घेतलं. "अगं बाई! ही कुणी केली?"

"माझ्या नवऱ्याने," काकू म्हणाल्या. "सुतार होते ते."